बायको ‘नाही’ म्हणते? आधी अंगण झाडा, मग कोंबड्या आणा

हिवरखेडसारख्या गावात शोभेच्या छोट्या कोंबड्यांचा विषय काढला की घरातून पहिला प्रश्न येतो, “अंगनात घान करतीन, थे झाडन कोन? मीच ना?”

यावर नफ्याचं गणित सांगत बसू नका. प्रश्न कामाचा आहे, उत्तरही कामाचंच द्या. कोंबड्या आणण्याआधी महिनाभर अंगण तुम्ही झाडून दाखवा. (हसू नका, बँकेतही आधी पतच बघतात.)

मग सिल्की दाखवा. केसांसारखी मऊ पिसं, काळी कातडी, पायाला पाच बोटं. नीट उडता येत नाही, म्हणून बुटकी जाळीही पुरते. ती खुडूकही चांगली बसते आणि २१ दिवसांत पिल्लं काढते, म्हणजे सुरुवातीला मशीन नको. पण पिल्लांसाठी कोंबडा लागणार आणि तो पहाटे आरवणार. हे लपवू नका.

खरी परीक्षा उन्हाळ्यात. आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. खुराड्याला सावली, ओलं गोणपाट, दुपारी दोनदा गार पाणी हवंच. तेव्हा तुम्ही शेतात किंवा दुकानात, घरी कोण? म्हणून तिचा होकार मनापासून हवा.

एक नर, दोन माद्या एवढ्यावरच सुरू करा. पिल्लांना राणीखेतची लस पहिल्याच आठवड्यात द्या. हिशोबाची वही आणि पहिल्या विक्रीचे पैसे तिच्याच हातात.

तरी नाहीच म्हटली? यंदाचा उन्हाळा जाऊ द्या. मृग लागला की परत विषय काढा. तोवर झाडू सोडू नका.