एका गाठीवर पेललेली कानातली

सुई नाही, विणकामाच्या सुया नाहीत, माग नाही. बोटभर लांबीचा धोटा आणि पीळदार सुती दोरा, एवढ्यावर टॅटिंगची लेस होते. आपल्याकडे ती बहुतेकांना रुमालाच्या किनारीवर भेटलेली असते. त्याच लेसमध्ये काचेचे मणी गुंफले, की वजनाला नगण्य आणि दिसायला भरगच्च अशी कानातली तयार होतात.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात लंडनमध्ये एलेओनोर रिएगो द ला ब्रांशार्दिएर यांच्या पुस्तकांनी ही कला घरोघरी नेली. 1886 साली तेरेझ द दिलमाँ यांच्या सुईकामाच्या कोशात टॅटिंगला स्वतंत्र प्रकरण मिळालं. तंत्राचा गाभा मात्र आजही तोच आहे: दोन अर्ध्यांची एक गाठ.

डाव्या हाताच्या बोटांभोवती दोऱ्याचा फेर घ्यायचा. धोटा त्याच्या खालून नेऊन वरून परत आणायचा. आता वेढा धोट्याच्या दोऱ्याचा पडलेला असतो. इथे डावी बोटं सैल सोडून धोट्याचा दोरा ताणायचा. तसा वेढा पलटतो आणि हातावरच्या दोऱ्याचा होतो. दुसरा अर्धा भाग उलट, वरून खाली. हा पलटा साधला तर गाठी धोट्याच्या दोऱ्यावरून सरकतात आणि शेवटी तो ओढला की फेर आवळून त्याची रिंग मिटते. एक पलटा चुकला तरी रिंग तिथेच अडते.

मणी आले की हिशेब वाढतो. रिंगच्या कडेला बसणारे मणी दोरा धोट्यावर गुंडाळण्याआधीच ओवावे लागतात आणि रिंग सुरू करताना हवे तेवढे हाताच्या फेरात घ्यावे लागतात. एक कमी पडला तर तो मधूनच ओवता येत नाही. घट्ट मिटलेली रिंग उसवणंही जिकिरीचं. दोन रिंगा जोडतात तिथला मणी तेवढा बारीक हुकाने ऐनवेळी दोन गाठींमध्ये सोडलेल्या लूपवर चढवता येतो. अकरा नंबरचा मणी जेमतेम 2 मिलिमीटरचा, पंधरा नंबरचा त्याहून लहान.

खरी कसोटी जोडीतल्या दुसऱ्या कानातल्याची. लूपची उंची सारखी यावी म्हणून पुठ्ठ्याची पट्टी लावतात, पण हाताचा ताण कुठलीही पट्टी मोजत नाही. शेवटी टाचण्यांनी ताणून, पातळ डिंकाचा हात देऊन वाळवायचं आणि कडी-हुक अडकवायचा.

प्रदर्शनात अशी जोडी दिसली तर उलटून पाहा. रिंगा नीट मिटलेल्या, दोऱ्याची टोकं आत लपवलेली आणि दोन्ही कानातली एका मापाची असतील, तर घासाघीस करू नका. सांगितलेली किंमत द्या. ती मण्यांची नसते, हाताची असते.