घरच्या संगणकाची राखीव प्रत : रोह्याच्या एका घरातील अनुभव

पेण परिसरातील गणेशमूर्तींच्या कारखान्यांतून फिरताना एक गोष्ट ध्यानात येते. कारागीर मूर्तीपेक्षा साच्याला अधिक जपतो. मूर्ती हातातून निसटली किंवा वाहतुकीत भंगली तर हळहळ वाटते. परंतु साचा शाबूत असेल तर दुसरी मूर्ती काढता येते. आज घरोघरच्या संगणकांत जी सामग्री साठत चालली आहे, तिच्या बाबतीत मात्र ही दक्षता अभावानेच आढळते. जमिनीचे उतारे, निवृत्तिवेतनाची कागदपत्रे, लग्नकार्याची छायाचित्रे, शिक्षकांच्या घरी विद्यार्थ्यांचे गुणतक्ते, पंचायत सदस्यांच्या घरी सभांची टिपणे या सर्वांची एकच प्रत एका लहानशा पेटीत असते, आणि त्या पेटीचे आयुष्य किती याचा विचार सहसा कोणी करीत नाही.

प्रस्तुत लेखक पेण येथे राहतो. त्याचे मामा रोह्यास असतात. मामा निवृत्त माध्यमिक शिक्षक. निवृत्तीनंतर त्यांनी संगणक घेतला, टंकलेखनाचा सराव केला आणि घराण्याची वंशावळ व गावच्या जुन्या आठवणी लिहून काढण्यास प्रारंभ केला. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, म्हसळा, माणगाव, रोहा या तालुक्यांत घरांची छपरे उडाली, विजेचे खांब आडवे झाले. मामांच्या माडीवरील पत्रे गेले आणि पावसाचे पाणी थेट टेबलावर आले. वीजपुरवठा पुन्हा सुरू झाल्यावर संगणक चालू करून पाहिला, तो चालला नाही. आतील हार्ड डिस्क मुंबईस तज्ज्ञांकडे नेली. तेथूनही थोडेसेच हाती लागले. वंशावळीची चाळीस पाने वाचली, कारण ती छापून एका भाच्यास वाचावयास दिली होती. मामींच्या अखेरच्या दोन वर्षांतील छायाचित्रे मात्र गेली ती गेलीच.

"अरे, मी सगळे डी ड्राइव्हमध्ये ठेवले होते," असे मामा पुन्हा पुन्हा म्हणत.

डी ड्राइव्हचा भ्रम

हा समज आपल्याकडे इतका रूढ आहे की त्याचा येथे स्वतंत्र विचार करणे अवश्य आहे. संगणक जोडून देणारे दुकानदार एकाच हार्ड डिस्कचे सी आणि डी असे दोन भाग पाडून देतात. बिघाड झाल्यास सी भाग पुसून विंडोज नव्याने बसविता येते व डी भागास धक्का लागत नाही. एवढ्यापुरती ही योजना उपयुक्त होय. परंतु दोन्ही भाग एकाच डिस्कवर असतात. एका कपाटाचे दोन कप्पे केल्याने कपाट जळताना दुसरा कप्पा वाचत नाही. डिस्क भिजली, विजेच्या झटक्याने निकामी झाली किंवा वयोमानाने थकली, की दोन्ही भाग एकाच वेळी नष्ट होतात.

हे केवळ घरच्या संगणकापुरते खरे आहे असे नाही. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयास लागलेल्या आगीत वरच्या मजल्यांवरील असंख्य फायली भस्मसात झाल्या. ज्या कागदांच्या प्रती अन्य कार्यालयांत होत्या, त्यांवरून नवी फाईल उभी करता येणे शक्य होते. प्रत असणे पुरेसे नाही, ती वेगळ्या ठिकाणी असावी लागते. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी यासंबंधी एक सुटसुटीत नियम रूढ केला : तीन प्रती, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक प्रत दुसऱ्या जागी. घरगुती वापरात या नियमाचे अक्षरशः पालन न झाले तरी चालेल. परंतु 'दुसरी जागा' हा त्यातील भाग सोडता कामा नये.

कोणती पद्धत निवडावी?

नवा संगणक आला तेव्हा मामांसाठी राखीव प्रतीची, म्हणजेच बाजारात ज्याला बॅकअप म्हणतात त्याची, व्यवस्था लावण्याचे काम लेखकाकडे आले. प्रथम मनात आलेल्या योजना अर्थातच भारी होत्या. संपूर्ण डिस्कची प्रतिमा घेणारी सॉफ्टवेअर मिळतात. संगणक पूर्ण कोलमडला तरी सर्व काही जसेच्या तसे परत आणता येते. पण ती चालविण्यास मामांना दर वेळी पेणहून माणूस बोलवावा लागला असता. नातेवाइकासाठी पद्धत निवडताना हीच पहिली कसोटी लावावी : आपण तेथे नसताना ती चालेल काय?

पेनड्राइव्ह स्वस्त असतो व वापरण्यास सोपा. परंतु तो हरवतो, अनेकांच्या संगणकांत फिरून विषाणू घेऊन येतो, आणि दीर्घकाळ साठवणुकीसाठी भरवशाचा नाही. सीडींचा तर कोकणात विचारच करू नये. येथील दमट हवेत त्यांवर बुरशी धरते, आणि नव्या संगणकांत त्या वाचण्याची सोयही बहुधा नसते.

इंटरनेटवर प्रत ठेवण्याची सोय, म्हणजे क्लाउड, अनेकांना पसंत पडते व ती चांगलीही आहे. गूगलच्या खात्यावर १५ जीबी जागा विनामूल्य मिळते. कागदपत्रांना ती पुष्कळ झाली. छायाचित्रे व चित्रफितींना मात्र अपुरी पडते, कारण हीच जागा ईमेललाही वापरली जाते. शिवाय एक बारकावा ध्यानात घेतला पाहिजे. अशा अनेक सेवा 'मिळवणी' करतात. संगणकावर फाईल पुसली की तेथूनही ती नाहीशी होते. काही दिवस ती कचरापेटीत राहते, पण फाईल चुकून पुसली गेल्याचे तोवर ध्यानात आले पाहिजे. ज्येष्ठ मंडळींच्या बाबतीत ते बहुधा दिवाळीत सर्व जण जमल्यावरच ध्यानात येते.

अखेर निवड झाली ती बाहेरून जोडावयाच्या दोन हार्ड डिस्कची. काही हजार रुपयांत मिळणारी ही साधने दिसण्यास खिशातील डायरीएवढी असतात. विंडोजमध्येच 'फाइल हिस्टरी' नावाची सोय आहे. ती एकदा सुरू करून दिली की डिस्क जोडल्यावर बदललेल्या फायलींची प्रत ती आपोआप घेते व जुन्या आवृत्त्याही जतन करते. मागील महिन्यातील मजकूर आज चुकून बिघडला, तर मागील महिन्याचाच काढता येतो. हाताने फाईल उचलून डिस्कवर टाकणारा मनुष्य बहुधा चांगल्या प्रतीवर बिघडलेली प्रत चढवितो. ती भीती येथे राहत नाही. मात्र ही सोय डेस्कटॉप, दस्तऐवज, चित्रे अशा ठरावीक फोल्डरांचीच प्रत घेते. डी ड्राइव्ह आपोआप तीत येत नाही. त्यामुळे मामांचे सर्व काही प्रथम दस्तऐवजांच्या फोल्डरमध्ये हलविले. या कामात एक संपूर्ण दुपार गेली, आणि खरे काम तेच होते.

डिस्क कायम जोडून ठेवू नये. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर विषाणूने जगभरातील संगणक कुलूपबंद केले. असा विषाणू जोडलेल्या डिस्कवरील प्रतीलाही सोडत नाही. वळवाच्या पावसात कडाडणाऱ्या विजेचेही तेच. मामांनी सोमवार ठरविला आहे. सकाळच्या चहानंतर डिस्क जोडावयाची, तासाभराने रीतसर अलग करावयाची आणि तारीख भिंतीवरील कॅलेंडरवर लिहावयाची. डिस्क सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात राहते.

दुसरी डिस्क पेणला असते. दिवा-रोहा गाडीने लेखकाचे महिन्या-दोन महिन्यांनी रोह्यास जाणे होतेच. कासू, नागोठणे ओलांडून गाडी रोह्यास पोहोचली की पिशवीतील डिस्क तेथे ठेवावयाची आणि तेथील घेऊन यावयाची. पावसाळ्यात कुंडलिका इशारा पातळी ओलांडते तेव्हा पेणलाही भोगावतीची धास्ती असते, हे खरे. परंतु एकाच रात्री दोन्ही गावांतील दोन्ही घरे जाण्याचा संभव फार थोडा. अदलाबदल मे महिन्याच्या अखेरीस न चुकता होते.

परत काढून पाहणे

घेतलेली प्रत उघडून पाहिल्याशिवाय ती आहे असे समजू नये. १९९८ साली 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाचे काम चालू असता पिक्सार या कंपनीच्या संगणकांवरील बराचसा भाग एका चुकीच्या आज्ञेने पुसला गेला. राखीव प्रतीची यंत्रणा होती, पण तीतील प्रत सदोष निघाली. तान्ह्या बाळामुळे घरून काम करणाऱ्या एका अधिकारी महिलेच्या घरच्या संगणकात जी प्रत होती, तिच्यामुळे चित्रपट वाचला.

मामांच्या डिस्कची परीक्षा पेणच्या संगणकावर घेतली. छायाचित्रे उघडली, उतारे उघडले. वंशावळ मात्र उघडताच पडद्यावर इंग्रजी अक्षरे व चिन्हांचा निरर्थक कालवा दिसला. फाईल बिघडली नव्हती. छापील पाने हाती असूनही मामांनी ती जुन्या सवयीच्या फॉन्टमध्ये पुन्हा टंकित केली होती; तो फॉन्ट ज्या संगणकात नाही, तेथे असे मराठी वाचता येत नाही. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकलेखन केलेले शिक्षक व कर्मचारी पुष्कळ आहेत. त्यांनी असा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा, आणि तोवर फॉन्टची फाईलही प्रतीसोबत ठेवावी. रूपांतरात जोडाक्षरे कोठे कोठे चुकतात. मामा ती हाताने दुरुस्त करीत आहेत, आणि त्या निमित्ताने वंशावळीतील दोन जन्मसालेही दुरुस्त झाली.

आणखी एक बाब राहिली होती. विंडोज ११ असलेल्या पुष्कळशा संगणकांत डिस्कवरील मजकूर आपोआप सांकेतिक रूपात ठेवला जातो, आणि संगणक बिघडल्यास तो उघडण्यासाठी ४८ अंकी किल्ली लागते. ही किल्ली मामांनी वहीत सुवाच्य अक्षरांत उतरवून घेतली, लेखकाने तिची नक्कल पेणला आणली. वही देवघरातील कपाटात असते. ती कोठे आहे, हे मामांच्या मुलीसही सांगून ठेवले आहे.