हिरवळीचा बंदोबस्त

सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरी, समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंचीवर, गोल्फचे जे मैदान आहे, त्याच्या निगराणीचा विचार करताना प्रथम पर्जन्याचाच हिशेब मांडावा लागतो. कारण ज्या गावी वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस, आणि तोही बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, कोसळतो, तेथे पाणी देण्यापेक्षा ते वाटेला लावण्याची तजवीज अधिक निकडीची ठरते. चर आणि मोऱ्या मृगापूर्वीच उपसून ठेवाव्या लागतात. पुढे चैत्र-वैशाखात त्याच भूमीला पाण्याची चणचण भासते, हे त्या डोंगराचे जुने वैचित्र्य!

अशा मैदानातील सर्वांत लाडावलेला भाग म्हणजे १०८ मिलिमीटर व्यासाच्या खळगीभोवतीची हिरवळ. तेथील गवत सामान्यतः तीन ते पाच मिलिमीटरच राखतात. आणि पावलांनी खळगीचा काठ झिजतो, यास्तव ती वारंवार नव्या जागी पाडून, तेथून निघालेला मातीचा गोळा गवतासकट जुन्या खळगीत बेमालूम बसवतात. दबलेल्या भूमीस पोकळ सळ्यांनी भोके पाडून वर रेती पसरतात. शेतकरी जी उपटून बेजार होतो, ती हरळी गोल्फच्या मैदानावर मानाने नांदते.

सांगलीकडे कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत असे मैदान करावयाचे, तर ती माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि अतिसिंचनाने खारावते. म्हणून खडीच्या थरावर सुमारे ३० सेंटिमीटर रेताड मिश्रण घालूनच हिरवळ उभारावी लागेल, ज्याचा खर्च मंजूर करताना कोणत्याही कारभारी मंडळाच्या कपाळाला आठ्या पडतील.