राजकीय पक्षांची मान्यता : तिचा उगम व वाढ

२६ जानेवारी १९५० रोजीं अंमलांत आलेली भारताची राज्यघटना आरंभापासून अखेरपर्यंत वाचून काढिली, तर एक नवल दृष्टीस पडतें. मूळ ३९५ कलमांत व आठ परिशिष्टांत राजकीय पक्षांविषयीं अवाक्षर नाहीं. पक्षांचा पहिला उल्लेख घटनेंत आला तो १९८५ सालीं, पक्षांतरबंदीच्या दहाव्या परिशिष्टानें. म्हणजे आठ सार्वत्रिक निवडणुका पक्षांनींच लढविल्यानंतर. असें असतां ‘मान्यताप्राप्त पक्ष’ ही वस्तु १९५१ सालींच कोठून उत्पन्न झाली? पुष्कळांची अशी समजूत दिसते कीं, प्रथम कायद्यानें पक्षांस मान्यता दिली व मग त्यांस चिन्हें मिळालीं. वस्तुस्थिति नेमकी उलट आहे. चिन्हें आधीं आलीं. मान्यता त्यांच्या पोटीं जन्मली. हें दाखविणें एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचें मतदान २५ ऑक्टोबर १९५१ पासून २१ फेब्रुवारी १९५२ पर्यंत चाललें. मतदार १७ कोटींहून अधिक होते, आणि १९५१ च्या खानेसुमारीप्रमाणें देशांत साक्षर लोक शेंकडा १८ च्या आसपास. नांव वाचून खूण करावी, ही अपेक्षा बहुसंख्य मतदारांपाशीं व्यर्थच होती. तेव्हां पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या आयोगानें अशी योजना केली कीं, प्रत्येक उमेदवाराची मतपेटी निराळी ठेवावी, तीवर त्याचें चित्र डकवावें, आणि मतदारानें आपली कोरी मतपत्रिका मनांतील चित्राच्या पेटींत टाकावी. या लोखंडी पेट्यांपैकीं पुष्कळशा मुंबईजवळ विक्रोळी येथें गोदरेजच्या कारखान्यांत झाल्या.

आतां अडचण अशी कीं, एकाच पक्षाचे उमेदवार दिल्लीस दिवा, मद्रासेस झोपडी आणि नागपुरास घोडा घेऊन उभे राहिले, तर निरक्षर मतदारानें पक्ष ओळखावा कसा? यासाठीं अखिल देशांत पक्षास एकच चिन्ह राखून ठेवणें भाग होतें. पण चिन्ह राखावयाचें तर तें कोणासाठीं, हें आधीं ठरविलें पाहिजे. सगळ्यांसच राखून ठेवितों म्हटल्यास चित्रेंच पुरावयाचीं नाहींत. येथें ‘मान्यता’ आली. राष्ट्रीय म्हणवून घेण्यास २९ पक्ष पुढें आले. त्यांपैकीं १४ पक्षांस आयोगानें तसें मानिलें. काँग्रेसला जुंवासह बैलजोडी, समाजवाद्यांस झाड, किसान मजदूर प्रजा पक्षास झोपडी, कम्युनिस्टांस कणसें व विळा, जनसंघास दिवा, हिंदुमहासभेस घोडा व स्वार, रामराज्य परिषदेस उगवता सूर्य, डॉ. आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनला हत्ती, अशी ही वाटणी झाली. नांगर अनेकांनीं मागितला, म्हणून तो कोणासच दिला नाहीं. गाय, देऊळ, राष्ट्रध्वज, चरखा अशीं धर्माशीं वा लोकभावनेशीं निगडित चित्रें मुळांतच वर्ज्य होतीं.

याच यादींत नागपूरचे कामगार पुढारी रा. रुईकर यांच्या फॉरवर्ड ब्लॉक गटाचें चिन्ह ‘हाताचा पंजा’ असें आढळतें. पुढें पाव शतकानें हाच पंजा काँग्रेसकडे गेला, हें आज फारसें कोणाच्या स्मरणांत नाहीं.

तेव्हां ही पहिली मान्यता तात्पुरती व कांहींशी अंदाजानेंच दिलेली होती. ज्या पक्षानें एकही निवडणूक प्रौढ मतदानावर लढविली नाहीं, त्याचें बळ मोजण्यास मापच नव्हतें. माप मिळालें तें मतमोजणीनंतर. १९५३ सालीं आयोगानें असा दंडक घातला कीं, एकंदर वैध मतांपैकीं शेंकडा ३ तरी मतें मिळविणारा पक्षच राष्ट्रीय राहील. चौदांची संख्या एकदम चारांवर आली : काँग्रेस, प्रजासमाजवादी (समाजवादी व किसान मजदूर प्रजा पक्ष १९५२ च्या सप्टेंबरांत एक होऊन झालेला), कम्युनिस्ट व जनसंघ. यांपैकीं कम्युनिस्टांस मिळालेलीं मतें शेंकडा ३.२९ आणि जनसंघास ३.०६. फेडरेशनला २.३८ मिळालीं व तें पक्ष गळालें. सहा शतांश वर राहिलेला एक पक्ष टिकला आणि बासष्ट शतांश खालीं राहिलेला दुसरा गेला. यावरून या रेषेचें महत्त्व वाचकांच्या ध्यानीं येईल. रेषा शेंकडा ३ वरच कां, २ वर कां नाहीं, याचें तर्कशुद्ध उत्तर कोणास देतां येईल असें आम्हांस वाटत नाहीं. रेषा कोठें तरी ओढणें प्राप्त होतें. ती ओढली गेली.

१९६२ च्या निवडणुकीपासून मतपत्रिकेवरच चित्रें छापून शिक्का मारण्याची रीत सर्वत्र रूढ झाली. पेट्या गेल्या, परंतु चित्रें राहिलीं व त्यांबरोबर मान्यताही राहिली. तिला व्यवस्थित नियमांचें रूप ३१ ऑगस्ट १९६८ च्या चिन्ह-आदेशानें आलें. हा आदेश संसदेचा कायदा नव्हे. घटनेच्या ३२४ व्या कलमानें आयोगास निवडणुकांवर देखरेख ठेवण्याचा जो अधिकार दिला, त्याच्या व निवडणूक नियमांच्या आधारें तो निघाला आहे. नोंदणी ही त्याहून निराळी गोष्ट. ती लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्यांत २९-अ हें कलम घालून १५ जून १९८९ पासून सुरू झाली. पक्ष स्थापन झाल्यापासून तीस दिवसांत अर्ज करावा, आणि घटनेशीं, समाजवाद, धर्मनिरपेक्षता व लोकशाही या तत्त्वांशीं निष्ठा पक्षाच्या नियमांत लिहून द्यावी, म्हणजे नोंदणी होते. तीस मतें लागत नाहींत. म्हणूनच नोंदलेले पक्ष दोन हजारांवर गेले आणि मान्यताप्राप्त मात्र मूठभर राहिले. दिलेली नोंदणी काढून घेण्याचा सर्वसाधारण अधिकार आयोगास नाहीं, कपट वगैरे अपवाद सोडून, असें सर्वोच्च न्यायालयानें २००२ सालीं ठरविलें. तथापि सहा वर्षांत एकही निवडणूक न लढविल्याच्या कारणावरून आयोगानें २०२५ च्या ऑगस्टांत ३३४ पक्ष यादींतून वगळले.

मान्यतेच्या आजच्या कसोट्या पाहूं. विधानसभेच्या निवडणुकींत शेंकडा ६ मतें व दोन आमदार, किंवा एकूण जागांच्या शेंकडा ३ अथवा तीन जागा यांपैकीं जी संख्या अधिक असेल ती, किंवा लोकसभेच्या निवडणुकींत त्या राज्यांत शेंकडा ६ मतें व एक खासदार, किंवा दर २५ जागांस एक खासदार, अथवा जागा न मिळतांही शेंकडा ८ मतें, यांपैकीं एक जरी साधलें तरी पक्ष त्या राज्यांत मान्य होतो. चार राज्यांत असा मान्य झाला कीं तो राष्ट्रीय. (राष्ट्रीय होण्याच्या दुसऱ्याही दोन वाटा आहेत.) गोव्याचें उदाहरण घ्यावें. १९८७ पासून तेथें विधानसभेच्या ४० जागा आहेत. २०२२ सालीं आम आदमी पक्षास तेथें शेंकडा ६.७७ मतें व दोनच जागा मिळाल्या. पण तेवढ्यानें तो राज्यपक्ष झाला. दिल्ली व पंजाब हातीं होतेच, गुजरातची भर पडली, आणि १० एप्रिल २०२३ रोजीं तो राष्ट्रीय ठरला. त्याच दिवशीं राष्ट्रवादी काँग्रेस, तृणमूल काँग्रेस व भारतीय कम्युनिस्ट पक्ष यांचा तो दर्जा गेला. कम्युनिस्टांचा तर १९५३ च्या चाळणींतून टिकलेला! मात्र कणसें व विळा हें चिन्ह त्यांस सोडावें लागलें नाहीं.

खरी बिकट बाजू पुढेंच आहे. पक्ष दुभंगला तर मान्यता कोणाची? पेशवाईंत शिक्केकट्यार एकाच हातीं राही. भाऊबंदकी कितीही माजली तरी वस्त्रें दोघांस होत नसत. चिन्ह-आदेशाचा पंधरावा परिच्छेद हेंच काम करितो. १९६९ सालीं काँग्रेस फुटली; आयोगानें जगजीवनराम यांच्या गटास खरी काँग्रेस मानिलें, व नोव्हेंबर १९७१ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें सादिक अली यांच्या दाव्यांत तो निर्णय कायम केला. चिन्ह ही वाटेकऱ्यांनीं वांटून घ्यावयाची मालमत्ता नव्हे, आणि संघटना व विधिमंडळ या दोन्ही अंगांतील संख्याबळ ही ग्राह्य कसोटी आहे, असा त्याचा आशय. दरम्यान १९७१ ची निवडणूक दोन्ही गटांनीं नव्या चिन्हांवर लढविली : एकाचें गाय-वासरूं, दुसऱ्याचें चरखा चालविणारी स्त्री. १९५१ सालीं गाय व चरखा वर्ज्य होतीं, हें वाचक विसरले नसतील.

महाराष्ट्रांत हाच परिच्छेद दोनदां लागला. १७ फेब्रुवारी २०२३ रोजीं शिवसेनेचें नांव व धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या गटास, आणि ६ फेब्रुवारी २०२४ रोजीं राष्ट्रवादीचें नांव व घड्याळ अजित पवार यांच्या गटास मिळालें. दोन्ही ठिकाणीं संघटनेंतील बहुमत निःसंशय ठरवितां आलें नाहीं, असें सांगून आयोगानें विधिमंडळांतील संख्येवर भिस्त ठेविली. शिवसेनेच्या ५५ आमदारांपैकीं ४० शिंदे यांच्या बाजूस होते. निर्णय बरोबर कीं चूक, याची मीमांसा येथें कर्तव्य नाहीं. परंतु एक विसंगति नोंदविली पाहिजे. मान्यता मिळते ती मुख्यतः मतदारांच्या मतांवर. फुटीनंतर ती जाते वा राहते ती मात्र निवडून आलेल्यांच्या डोक्यांवरून. ज्यांनीं चित्र पाहून मत दिलें, त्यांचें मन त्या दोन निवडणुकांच्या मधल्या काळांत कोणीं विचारिलें नाहीं, आणि विचारण्याची सोय पंधराव्या परिच्छेदांत ठेविलेली नाहीं.