पाठीवर साडेतीन किलो, समोर फणसाड!

पुणे जिल्ह्याच्या नकाशात दौंड तालुक्यातलं राहू गाव शोधा बरं! भीमा आणि मुळा-मुठा या नद्यांमधल्या इथल्या ऊसपट्ट्याला 'राहू बेट' म्हणतात. नाव बेट, पण समुद्राचा पत्ता नाही! इथलं पाणी भीमेतून कृष्णेत आणि तिथून थेट बंगालच्या उपसागरात जातं. आपण मात्र उलट्या दिशेला निघू. सह्याद्री ओलांडायचा आणि अरबी समुद्राकाठचं जंगल पायी पाहायचं.

हे जंगल म्हणजे रायगड जिल्ह्यातलं फणसाड अभयारण्य. मुरुड, रोहा आणि अलिबाग या तालुक्यांत पसरलेलं, ५० चौरस किलोमीटरहून मोठं. काशिदच्या किनाऱ्यावर उभं राहून समुद्राकडं पाठ केली, की समोर दिसतात ते याचेच डोंगर. पूर्वी ही जंजिरा संस्थानच्या नवाबाची शिकारीची जागा होती. १९८६ साली ते अभयारण्य झालं.

आता पाठीवरच्या सॅकचा हिशेब करू. २०२० च्या दप्तर धोरणानुसार दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावं. तोच नियम इथं लावा. तुमचं वजन ३५ किलो असेल, तर सॅक साडेतीन किलोची. दोन लिटर पाण्याचे दोन किलो गेले. उरलेल्या दीड किलोत भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गूळ, टोपी, विजेरी आणि एक जादा सदरा बसवायचा. जड वस्तू पाठीला चिकटून ठेवा, म्हणजे सॅक मागं ओढत नाही.

पाणी एवढं कशाला? राहूला ऊन कोरडं असतं, घाम चटकन वाळतो आणि अंग गार होतं. कोकणात हवाच दमट, त्यामुळं घाम वाळत नाही. नुसता गळत राहतो. म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता घोट घोट पाणी प्यायचं.

फणसाडमध्ये पाणवठ्याला 'गाण' म्हणतात. उन्हाळ्यात ओढे आटले, की जनावरं तिथंच येतात. त्यामुळं गाणावर हातपाय धुणं, साबण लावणं, आरडाओरडा करणं बंद! मान वर केली तर झाडाच्या शेंड्यावर शेकरू दिसेल, आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी. जमिनीवर न उतरता तो या झाडावरून त्या झाडावर लांब उड्या घेतो. गारंबीचा वेलही बघा. त्याची शेंग एक मीटरहूनही लांब असू शकते. तिच्या टणक बिया पाण्यावर तरंगत समुद्रात दूरवर जातात.

बिबट्याही इथं आहे. पण उसात बिबट्या असतो हे माहीत असलेल्या राहूच्या मुलांना त्याचं काय नवल? नियम दोन्हीकडं एकच : एकट्यानं जायचं नाही आणि अंधाराआधी परतायचं. वनखात्याची परवानगी, मोठी माणसं आणि स्थानिक वाटाड्या हवाच.

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळानं रायगडच्या किनाऱ्याला तडाखा दिला आणि इथली पुष्कळ झाडं उन्मळून पडली. उंच झाडांवर घरटी बांधणाऱ्या गिधाडांना हा मोठाच धक्का. पण त्यांचा खरा शत्रू वारा नव्हता, ते होतं इंजेक्शन!

गाई-म्हशींना वेदना कमी करण्यासाठी डायक्लोफेनॅक दिलं जायचं. असं जनावर मेलं आणि गिधाडांनी ते खाल्लं, की त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून अधिक घटली. हे कारण उमगल्यावर २००६ साली जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी आली, २०२३ साली केटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅकवरही. मेलॉक्सिकॅम हे औषध गिधाडांना सुरक्षित ठरलं आहे.

तेव्हा फणसाडला जाल तेव्हा जाल. एक काम आजच करता येईल. गोठ्यातली गाय आजारी पडली आणि डॉक्टर आले, की आजोबांच्या शेजारी उभं राहून विचारा, "डॉक्टरकाका, हे औषध गिधाडांना चालतं ना?"