हातच्याची वजाबाकी कुठे अडते?

"पोरगं एरवी हुशार आहे, पण गणितात डोकं चालत नाही," असे आपण सहज बोलून जातो. तेच पोरगं आठवडी बाजारात मेथीच्या जुड्यांचा हिशेब तोंडी करते. मग वहीवर अडते कुठे?

त्याला ५२ उणे २७ घालून पाहा. पुष्कळ मुले ३५ लिहितात. हा वेंधळेपणा नव्हे. दोनातून सात जात नाहीत, म्हणून मूल सातातून दोन वजा करून मोकळे होते. अशा वेळी ओरडण्यापेक्षा तुरीच्या काड्या घ्या. दहा-दहाच्या पाच जुड्या बांधा, दोन काड्या सुट्या ठेवा. एक जुडी सोडली की सुट्या झाल्या बारा. त्यातून सात काढल्या, पाच उरल्या. चार जुड्यांतून दोन गेल्या, दोन उरल्या. उत्तर २५. 'हातचा' म्हणजे सोडलेली जुडी, हे मुलाने स्वतःच्या हातांनी पाहिले की ते विसरत नाही.

दशांश चिन्हाचेही असेच. अडीच एकर म्हणजे २.५. मूल वाचते, दोन एकर पाच गुंठे! एकराचे गुंठे ४०, तेव्हा अर्धा एकर म्हणजे २० गुंठे. सातबारा समोर ठेवून हे समजावता येते. ०.४० हेक्टर म्हणजे ४० आर, आणि ०.४ लिहिले तरी तेवढेच.

चौथी-पाचवीत राहिलेली ही गाठ आठवीत बीजगणिताला आडवी येते. मग मूल नापासाच्या भीतीने शाळाच टाळू लागते. म्हणून वेळीच शिकवणी हवी. पण ती गृहपाठ उरकून देणारी नको. "हे उत्तर कसे काढलेस?" असे विचारणारी, आणि मूल जिथे अडले त्या पायरीवर उतरणारी हवी.

त्यासाठी मोठ्या पदवीची गरज नाही. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि बडोद्याच्या महापालिका शाळांत 'प्रथम' या संस्थेच्या 'बालसखी' उपक्रमाची पाहणी झाली. वस्तीतल्याच तरुणी मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोन तास वेगळे बसवून शिकवीत. मुलांचे गुण वाढले, गणितात तर विशेष. मात्र मदत थांबल्यावर वर्षभरात तो फायदा बराच ओसरला. पाहणी करणाऱ्यांपैकी अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांना पुढे २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

तेव्हा माय-बापांनो, शेजारची बारावी झालेली ताई असेल तर गल्लीतली पाच-सहा मुले संध्याकाळी तासभर तिच्याकडे बसवा. तिच्या कष्टाचे मोलही द्या. आणि पहिले चार महिने झाले, गुण वाढले, म्हणून लगेच बंद करू नका. रोपाला एकदा पाणी दिले म्हणून पीक हाती येत नाही.