आई हल्ली का चिडते?

वस्तीत तपासणीला गेलो की घरोघरी एकच तक्रार ऐकतो : "आई हल्ली फार चिडते." कशावर? मोठ्या आवाजातल्या टीव्हीवर, जेवून तसंच सोडलेल्या ताटावर, पाण्याच्या रांगेत मध्येच घुसणाऱ्यावर. वीस वर्षं तिने हे मुकाट सोसलं. मग आताच काय झालं?

साधारण ४५ ते ५० वर्षांच्या सुमारास पाळी थांबत येते. इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी-जास्त होतं, अंगातून गरम वाफा निघतात, रात्री घामाने जाग येते. झोप मोडली की सहनशक्ती घटते. हा स्वभावाचा दोष नाही, अंगात येणं तर नाहीच नाही. पण सगळंच पाळीवर ढकलू नका. 'आपलं ताट उचला' म्हणणं हा आजार नव्हे, तो तिचा हक्क आहे.

घरातली कामं वाटून घ्या. तिला सलग झोपू द्या. रक्त कमी असलं किंवा थायरॉइड बिघडलं तरी चिडचिड होते. सरकारी दवाखान्यात तपासून घ्या. पाळी वर्षभर बंद राहून पुन्हा रक्त गेलं, तर लाजू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा. ते कर्करोगाचंही लक्षण असू शकतं. आणि कुणी घाईने 'पिशवी काढा' म्हटलं, तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सही करू नका.